नाव कोणाचं येते?

मराठी दैनिकाच्या आंतरराष्ट्रीय पानावर माझी उमेदीची वर्षं गेली. त्या पानावर बातम्या साऱ्या जगातून येत, पण त्या देणारा गृहस्थ एकच असे. त्याचं नाव ‘वृत्तसंस्था’. काबूलला स्फोट झाला तरी हा हजर, टोकियोचा शेअर बाजार गडगडला तरी हा हजर, आणि त्याच संध्याकाळी ब्यूनस आयर्सला फुटबॉलच्या मैदानावर हाणामारी झाली तर तिथेही हाच. ‘काबूल : वृत्तसंस्था’, ‘टोकियो : वृत्तसंस्था’. वाचकांना त्यात काही वावगं वाटत नसे आणि आम्हालाही नसे.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी नोकरीला लागले, तेव्हा काचेच्या एका खोलीत पीटीआय आणि यूएनआय या वृत्तसंस्थांचे टेलिप्रिंटर दिवसरात्र खडखडत असत. शिपाई पट्टी लावून कागद फाडायचा आणि चीफ सबच्या, म्हणजे मुख्य उपसंपादकाच्या, टेबलावर आणून टाकायचा. पीटीआयच्या परदेशी कॉपीच्या शेवटी बऱ्याचदा बारकी अक्षरं असत, एपी किंवा एएफपी. म्हणजे बातमी मुळात अमेरिकी किंवा फ्रेंच संस्थेची, पीटीआयने आपल्या तारेवरून पुढे सरकवलेली. क्वचित बातमीदाराचं नावही असे. ते नाव आणि ती अक्षरं पहिल्या फटक्यात छाटली जायची. एक तर जागा नसायची, आणि एखाद्या अफगाणी नावाचा उच्चार रात्री अकरा वाजता विचारायचा तरी कोणाला? एकदा मी नाव ठेवू पाहिलं तर चीफ सब म्हणाले, “बाई, वाचकाला बातमी हवी असते, बातमीदाराची कुंडली नको असते.” डाक आवृत्ती सुटायची घाई होती. वाद घालायला वेळ नव्हता, आणि त्यांचं म्हणणं अगदीच चूक होतं असंही नाही.

बिनचेहऱ्याची ही तार मुंबईला जुनीच. रॉयटरने मुंबईत कचेरी उघडली ती १८६६ साली. पर्शियन आखातातून तारेची केबल नुकतीच टाकून झाली होती आणि इथल्या व्यापाऱ्यांना लिव्हरपूलचा कापसाचा भाव हवा होता. भाव कळवणारा कोण, याच्याशी पेढीला काय करायचं? भाव बरोबर असला म्हणजे झालं. परदेशातल्या बातमीचा आपल्याकडचा पाया असा कापसाच्या गाठीवर घातलेला आहे. कापसाचं पुढे पुन्हा येईलच.

पण त्याच सुमाराला दुसरी जातही जन्माला आली होती. लंडनच्या ‘टाइम्स’ने विल्यम हॉवर्ड रसेलला १८५४ साली क्रिमियाच्या युद्धावर पाठवलं. ब्रिटिश सैनिक तोफांपेक्षा पटकीने आणि थंडीने जास्त मरताहेत, हे त्याने लिहिलं आणि तिकडे सरकार हादरलं. हाच रसेल १८५८ मध्ये आपल्याकडचं बंड पाहायला आला आणि इंग्रजी फौजेबरोबर लखनौपर्यंत गेला. त्याच्या पत्रांवरही त्याचं नाव छापलं जात नसे. ‘आमच्या खास बातमीदाराकडून’ एवढंच. तरी अख्ख्या लंडनला ठाऊक असायचं की हा रसेल. त्या ‘आमच्या’ शब्दात पगार होता, परतीचं तिकीट होतं आणि मागे उभं असलेलं वर्तमानपत्र होतं. ‘वृत्तसंस्था’ या शब्दात यांपैकी काही आहे की नाही, हे वाचणाऱ्याला कळायला मार्ग नाही.

मराठीतही ‘आमचा’ म्हणावा असा परदेशातला बातमीदार अधूनमधून होऊन गेला. सावरकर लंडनला शिकत असताना ‘विहारी’साठी बातमीपत्रं पाठवत, ती पुढे पुस्तकरूपाने आली. द. वि. ताम्हनकर लंडनमध्ये राहून भारतीय पत्रांसाठी लिहीत. टिळकांचं त्यांनी लिहिलेलं इंग्रजी चरित्र १९५६ मध्ये तिकडेच निघालं. आणि दुसऱ्या महायुद्धातला तो विलक्षण प्रकार. बीबीसीच्या पूर्व विभागात जॉर्ज ऑर्वेल नोकरीला होता. त्याने इंग्रजीत लिहिलेली युद्धाची साप्ताहिक वार्तापत्रं मराठीत भाषांतरित होऊन इकडे प्रसारित होत. त्याच विभागात वेणू चितळे काम करत होत्या. सांगली-कोल्हापुरात कुठल्या वाड्यात रेडिओभोवती बसलेल्या माणसांनी लंडनहून आलेली मराठी ऐकली असेल, तेव्हा ते लिहिणारा माणूस गोरा आहे, मराठीचा एक शब्द त्याला येत नाही, असं कोणाच्या मनातही आलं नसेल. शब्द एकाचे, आवाज दुसऱ्याचा. मला हा प्रसंग फार आवडतो, कारण पुढे माझ्या वाट्याला बरोबर याच्या उलट काम आलं.

ते सांगण्याआधी आमच्या धंद्यातली उतरंड सांगायला हवी. मराठी दैनिकात बातमीच्या वर ‘वार्ताहर’ छापलं असेल तर तो तालुक्याचा माणूस; मानधनावर, बहुधा त्याच पेपरचा अंक विकणारा एजंटही तोच, आणि दिवाळी अंकासाठी जाहिराती गोळा करणाराही तोच. ‘प्रतिनिधी’ म्हणजे पगारी. ‘विशेष प्रतिनिधी’ म्हणजे मंत्रालय कोळून प्यायलेला. परक्या जगात हीच उतरंड वेगळ्या नावांनी असते. वर पगारी करस्पॉन्डंट, त्याला घरभाडं, विमा, मुलांची फी. त्याच्या खाली स्ट्रिंगर. छापून आलेल्या मजकुराची लांबी दोरीने मोजायची आणि त्या मापाने पैसे द्यायचे, त्यावरून हे नाव पडलं असं सांगतात. म्हणजे तो जगाचा तालुका वार्ताहर. आणि सगळ्यांत खाली, छापील उतरंडीत ज्याचं नावच नाही, तो फिक्सर.

नवऱ्याची बदली नागपूरला झाली म्हणून मी नोकरी सोडली आणि सुटे लेख लिहू लागले. २००६ च्या उन्हाळ्यात दिल्लीतल्या एका ओळखीच्या पत्रकाराचा फोन आला. एका युरोपीय दैनिकाचा दिल्लीतला बातमीदार यवतमाळला यायचा होता; शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवर लिहायला. मराठी-इंग्रजी दोन्ही येणारं, गावं माहीत असणारं कोणी हवं होतं. “फिक्सर म्हणून जाशील का?” घरी सांगितलं तर सासूबाई गप्पच झाल्या. हॅन्सी क्रोनिएचं मॅच-फिक्सिंगचं प्रकरण होऊन पाच-सहा वर्षंच झाली होती. आपल्याकडे फिक्सर म्हटलं की एकच धंदा डोळ्यांपुढे येतो. “क्रिकेटचं नाही ना काही?” त्यांनी रात्री हळूच नवऱ्याला विचारलं.

क्रिकेटचं नव्हतं, पण काम जुगाडाचंच होतं. साहेब विमानातून उतरण्याआधी मी यवतमाळच्या वार्ताहराला फोन करून गावं ठरवली, केळापूर आणि घाटंजी तालुक्यांतली. तहसील कचेरीतून यादी मिळवली. गाडी ठरवली. ड्रायव्हर यवतमाळचाच, त्याला प्रत्येक फाटा ठाऊक, आणि कुठल्या घरात नुकतं काय घडलंय तेही. खरं सांगते, वार्ताहराने दिलेल्या यादीपेक्षा त्याची यादी चांगली होती.

त्या वर्षी सगळं जग विदर्भात येत होतं. जूनच्या अखेरीला पंतप्रधान मनमोहन सिंग येऊन गेले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. मग तर रांगच लागली. आलेले बहुतेक जण सज्जन होते. तयारीने येत, वाचून येत. पण त्यांच्याकडे वेळ दोन दिवसांचा आणि डोक्यात चित्र आधीच ठरलेलं: कापूस, कर्ज, बीटी बियाणं, विधवा. त्यातही ‘बोलू शकणारी विधवा’. हे शब्द मला फोनवर ऐकवले गेले आहेत, आणि ते ऐकून मी फोन ठेवला नाही, कारण असं घर मला माहीत होतं.

घरी गेलं की बाहेर अंगणात बाज टाकली जायची. साहेब तिथे बसत, सासरा किंवा दीर समोर उभा राही आणि उत्तरं तोच देई. किती एकर, किती क्विंटल, सोसायटीचं कर्ज किती, सावकाराचं किती. बाई दाराआड. मग मी पाणी मागायच्या निमित्ताने आत जायची, आणि खरी मुलाखत चुलीपाशी व्हायची. तिथे हिशेब वेगळाच निघे. एका घरात सरकारी मदतीचा विषय निघाला. आत्महत्या झालेल्या घराला एक लाखाची मदत मिळते, पण जिल्ह्याच्या समितीने प्रकरण ‘पात्र’ ठरवलं तर. त्या घराचं प्रकरण अपात्र झालं होतं, कारण सात-बारा मेलेल्याच्या नावावर नव्हताच, सासऱ्याच्या नावावर होता. कष्ट मुलाचे, कर्जाचा घोर मुलाला, पण कागदावर तो शेतकरीच नाही. बाई हे रडून सांगत नव्हती. भाकरी थापता थापता, शेजारणीची भानगड सांगावी तसं सांगत होती.

मी बाहेर येऊन साहेबांना सांगितलं. त्यांची वही भराभर भरत गेली. आठवड्याने लेख आला तो याच गोष्टीने सुरू झालेला, आणि अप्रतिम लिहिलेला. माझ्याच्याने तसा झाला नसता. साहेब पैशालाही चोख. ठरल्याप्रमाणे पोचते झाले. पावतीवर माझं मानधन आणि गाडीचं भाडं एकाच रकान्यात होतं, ‘भाषांतर व वाहतूक’.

नाव नाही म्हणून मी खट्टू झाले का? थोडीशी. पण लेखाखालची सही लिहिणाऱ्याचीच असावी, हे मला डेस्कवरच्या वर्षांनी शिकवलं होतं. सही केली की जबाबदारी त्याची. घोळ पुढे झाला. साहेब दिल्लीला गेले, तिथून पुढच्या देशात त्यांची बदलीही झाली. त्या गावाचे फोन मात्र मला येत राहिले. “मॅडम, त्या साहेबानं लिवलं ना, मंग काई मदत आली का?” त्यांच्या लेखी मी त्या पेपरची माणूस. तो पेपर कुठल्या भाषेत निघतो, हेही त्यांना माहीत नव्हतं, आणि असायचं कारण काय? जो लिहितो तो निघून जातो, आणि जो वाट दाखवतो तो तिथेच राहतो. माझं राहणं निदान नागपूरचं, दोन-तीन तासांवरचं. ड्रायव्हरचं राहणं तर त्याच गल्लीतलं. परदेशी माणूस कुठे कुठे गेला, कोणाला भेटला, याची चौकशी करायला एक जण त्याच्या घरी येऊन गेला. माझ्या घरी कोणी आलं नाही.

पांढरकवड्याच्या टपरीवर चहा पिताना ड्रायव्हरने मला विचारलं होतं, “मॅडम, इचारता तुमी, समजावून सांगता तुमी, लिवते तो. मंग पेपरात नाव कोणाचं येते?”

“त्याचं.”

“अन् तुमचं?”

“नाही येत.”

“मंग माहं तं सोडूनच द्या,” असं म्हणून तो मनापासून हसला आणि त्याने दुसरा चहा सांगितला.

पुढच्याच वर्षी, २००७ च्या मार्चमध्ये, अफगाणिस्तानातल्या हेल्मंद प्रांतात तालिबानने तिघांना पळवलं. ‘ला रेपुब्लिका’ या इटालियन दैनिकाचे दानिएले मास्त्रोजाकोमो, त्यांचा दुभाषी अजमल नक्शबंदी आणि ड्रायव्हर सय्यद आगा. पहिल्यांदा मारलं ड्रायव्हरला. मग इटलीच्या दबावाखाली काबूलने तालिबानचे पाच कैदी सोडले आणि इटालियन बातमीदार सुखरूप घरी गेला. अजमल मागे राहिला. एप्रिलमध्ये त्यालाही मारलं. कोणासाठी सरकार हलतं, कोणासाठी नाही, आणि कोणासाठी कोणी बोलणी सुरूही करत नाही, याचा इतका उघडा हिशेब मी दुसरीकडे पाहिलेला नाही. मास्त्रोजाकोमोंना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांनीही मरण समोर पाहिलं. २००९ च्या सप्टेंबरात कुंदुझमध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे स्टीफन फॅरेल आणि त्यांचे अफगाणी सहकारी सुलतान मुनादी पळवले गेले. ब्रिटिश कमांडोंनी छापा घातला, फॅरेल वाचले, मुनादी गोळीबारात गेला, एक ब्रिटिश सैनिकही गेला. कमांडो फॅरेलना घेऊन उडाले आणि मुनादीचा देह तिथेच राहिला, म्हणून काबूलचे पत्रकार खवळले होते. ही बातमी मी इंटरनेटवर वाचली. दुसऱ्या दिवशी माझ्या जुन्या पेपरात शोधली. ब्रिटिश पत्रकाराची सुटका, असा मथळा होता. वर ‘काबूल : वृत्तसंस्था’.

या सगळ्यांचा पूर्वज म्हणजे कंबोडियाचा डिथ प्रान. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या सिडनी शॅनबर्गचा तो मदतनीस. १९७५ च्या एप्रिलमध्ये ख्मेर रूजने नॉम पेन्ह घेतलं, शॅनबर्गला आणि इतर परदेशी पत्रकारांना पकडलं, तेव्हा प्रानने तासन्‌तास विनवण्या करून त्यांचे जीव वाचवले. मग परदेशी सगळे बाहेर पडले आणि प्रान अडकला. चार वर्षं शेतात गुलामी, उपासमार. १९७९ मध्ये तो चालत थायलंडच्या सीमेवर पोचला. मधल्या काळात शॅनबर्गला पुलित्झर मिळालं होतं. ते त्याने प्रानच्याही वतीने घेतलं. पुढे त्याने प्रानवर लिहिलं, त्यावर १९८४ मध्ये सिनेमा निघाला, आणि प्रान त्याच पेपरात छायाचित्रकार झाला. हा एक माणूस, ज्याला दोन्ही नावं मिळाली. आधी मदतनीस आणि मग पत्रकार. मध्ये काय काय घडावं लागलं ते पाहा.

चीनमध्ये तर ही उतरंड सरकारनेच नियमात लिहून ठेवली आहे. तिथे परदेशी पेपरसाठी चिनी नागरिकाला पत्रकार म्हणून काम करता येत नाही. तो फक्त ‘वृत्तसहायक’. माहिती काढायची, फोन लावायचे, भाषांतर करायचं, बातमी आपल्या नावावर द्यायची नाही. पण पकडताना हा भेद गळून पडतो. ब्लूमबर्गच्या बीजिंग कचेरीतल्या हेझ फॅन यांना डिसेंबर २०२० मध्ये नेलं आणि वर्षभराहून अधिक काळ अटकेत ठेवलं. पत्रकाराचे अधिकार नाहीत म्हणून सहायक, आणि संशय घ्यायचा तर पत्रकाराइतकाच.

आपण इथे नामानिराळे आहोत असं समजू नये. भारत आणि पाकिस्तान यांच्यात वर्षानुवर्षं ठरलेलं होतं: दोन भारतीय बातमीदार इस्लामाबादेत, दोन पाकिस्तानी दिल्लीत. मुंबईच्या मीना मेनन ‘द हिंदू’साठी इस्लामाबादला होत्या. व्हिसा फक्त इस्लामाबादचा. लाहोर-कराचीला जायचं तर वेगळी परवानगी. २०१४ च्या मेमध्ये त्यांना आणि पीटीआयच्या प्रतिनिधीला देश सोडायला सांगण्यात आलं. चीनबरोबर २०२३ मध्ये असंच झालं. आम्ही त्यांचे व्हिसा थांबवले, त्यांनी आमचे, आणि जूनमध्ये बीजिंगला उरलेल्या शेवटच्या भारतीय बातमीदारालाही परत जायला सांगितल्याची बातमी आली. सीमेवर गलवानसारखं काही घडलं की ज्या देशाबद्दल आपण तावातावाने बोलतो, त्या देशातलं आपल्याला कळणार ते दुसऱ्याच्या डोळ्यांनी. मराठी पेपरांची तर बातच सोडा. मी ज्या पेपरात होते तिथे ‘आमच्या अमेरिकेतील प्रतिनिधीकडून’ म्हणजे न्यू जर्सीत आयटीत काम करणारे, महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीचा वृत्तान्त हौसेने पाठवणारे एक सद्‌गृहस्थ होते. ११ सप्टेंबर २००१ च्या रात्री त्यांनी फोनवर जे सांगितलं, ते त्या रात्रीच्या आमच्या अंकातलं एकमेव स्वतःचं वाक्य होतं. त्यांना मानधन म्हणून आम्ही दिवाळी अंक पाठवायचो.

मग २०२१. १६ जुलैला कंदाहारमधल्या स्पिन बोल्दक इथे दानिश सिद्दीकी मारला गेला. रॉयटरचा छायाचित्रकार, रोहिंग्यांच्या छायाचित्रांसाठी २०१८ मध्ये पुलित्झर मिळवलेल्या गटातला. त्या दिवशी मला जाणवलं की मी आयुष्यभर उतरंडीच्या ज्या वरच्या पायरीकडे बघत होते, तिथे आता आपल्यातलाच एक जण उभा होता. दुसऱ्याच्या देशात गेलेला, तिथल्या फौजेबरोबर फिरणारा परदेशी पत्रकार. आणि वरच्या पायरीनेही त्याला वाचवलं नाही.

गाझाने तर शब्दांची सगळीच मांडणी मोडून टाकली. ऑक्टोबर २०२३ पासून इस्रायलने बाहेरच्या पत्रकारांना तिथे स्वतंत्रपणे जाऊ दिलेलं नाही. लष्कराबरोबर, लष्कर दाखवील तेवढंच. त्यामुळे तिथून आलेलं जवळजवळ प्रत्येक छायाचित्र आणि प्रत्येक ओळ तिथल्याच माणसाची आहे. काल जे स्ट्रिंगर आणि फिक्सर होते, त्यांच्यावर जगातल्या मोठमोठ्या पेपरांचं अख्खं पान उभं राहिलं. त्यांच्यातले दीडशेहून अधिक मारले गेले. तरीही चर्चांमध्ये एक सूर ऐकू येतो, की हे ‘स्थानिक’ आहेत, यांच्यावर विश्वास कितपत ठेवायचा. स्थानिक असणं हा आमच्याकडे गुण मानतात. तालुक्याच्या वार्ताहराला गावातली चार घरं माहीत असतात म्हणूनच तो वार्ताहर. त्याचे लागेबांधे असतात हेही खरं, आणि डेस्कवर बसून त्याची कॉपी तपासताना मी ते कित्येकदा पकडले आहेत. पण लागेबांधे काय फक्त स्थानिकालाच असतात? दोन दिवसांसाठी आलेल्या माणसाच्या डोक्यात आधीच ठरलेलं चित्र असतं, त्याला काय म्हणायचं?

हल्ली पद्धत सुधारते आहे. ‘फिक्सर’ म्हणायला लोक कचरतात. ‘स्थानिक निर्माता’ म्हणतात. बातमीच्या शेवटी बारीक टाइपात, अमक्यांनीही मदत केली, अशी ओळ येते. काही पेपर जोडीने नाव देतात. मला हे बरं वाटतं. पण नाव बदललं म्हणून विमा मिळतो का, हा माझा पहिला प्रश्न असतो आणि तो मी आता तोंडावर विचारते.

२०१८ मध्ये पुन्हा पांढरकवड्याला जाणं झालं. या वेळी कापूस नव्हता, वाघीण होती. टी-१ उर्फ अवनी. तिने तेरा माणसं मारल्याचा आरोप होता, वनखातं महिनोन्‌महिने तिच्या मागावर होतं, आणि नोव्हेंबरात ती गोळीने मारली जायची होती. तिच्यावर फिल्म करायला एक परदेशी चमू आला. काम संध्याकाळचं, झुडपी जंगलाच्या कडेचं, पराटीच्या शेतांतून. मी अटी घातल्या: श्रेयनामावलीत माझं नाव, आणि विमा जितका कॅमेऱ्यामागच्या माणसाचा तितकाच माझा आणि ड्रायव्हरचा. नावाला ते लगेच तयार झाले. ड्रायव्हरच्या विम्यावर चार दिवस मेल चालले. तो चमूचा सदस्य नाही, गाडी पुरवणारा आहे, असं त्यांच्या कचेरीचं म्हणणं. मी लिहिलं, गाडी थांबवून गावात कोणाला विचारायचं, अंधार पडायच्या आत कुठून बाहेर पडायचं आणि कोणत्या शेतात पाय ठेवायचा नाही, हे सगळं तोच ठरवणार आहे. शेवटी त्यांनी मान्य केलं.

ड्रायव्हर तोच जुना. केस पिकले होते, गाडी नवी होती. फॉर्म इंग्रजीत होता, म्हणून मी फोनवर एकेक रकाना विचारून भरत होते. जन्मतारीख, पत्ता, रक्तगट. कामाच्या स्वरूपाचं मी विचारलं, तर तो म्हणाला, “जे बसते ते टाका.” श्रेयनामावलीत त्याचंही नाव घालायला सांगू का, म्हणून विचारलं, तर त्याला हसू आलं. मग त्याने एकच गोष्ट दोनदा विचारली, “मले काई झालं तं पैसे कोणाले भेटतीन?” वारसाचा रकाना आहे म्हटल्यावर म्हणाला, “तिथं बायकोचं नाव टाका. आधार कार्डावर हाय तसंच टाका बरं का, नाहीतं मागाहून अडवते.”